नववा आला म्हणजे गल्लीतला? आयर्लंडच्या विसरलेल्या धावपटूंबद्दल

रानवाट

परवा छोट्या देशांच्या ऑलिंपिक कामगिरीवर चर्चा चालू होती. तिथं एकानं लिहिलं, "लांब पल्ल्यात आयर्लंडचे मोजून तीन. डेलनी, ट्रेसी, सोनिया. बाकीचे गल्लीतले." (रॉन डेलनी, जॉन ट्रेसी, सोनिया ओ'सुलिव्हन, तिघंही ऑलिंपिक पदकवाले.) हे वाचल्यापासून डोकं भणभणतंय. तिथं चार ओळीत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

१९८४, लॉस एंजेलिस, पुरुषांची मॅरेथॉन. जॉन ट्रेसीची आयुष्यातली पहिली मॅरेथॉन, २:०९:५६, रौप्य. पोर्तुगालचा लोपेस पुढे आणि ब्रिटनचा स्पेडिंग दोन सेकंद मागे. हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच दिवशी, त्याच हिरव्या जर्सीत आणखी एक माणूस नववा आला. जेरी कीर्नन, केरीतल्या लिस्टोवेलचा, पेशानं शाळामास्तर. वेळ २:१२:२०. आधी वर्ग घ्यायचे आणि मग पळायला जायचं, असं करत ऑलिंपिकमध्ये नववा! १९८२ ला डब्लिन मॅरेथॉन जिंकला, आणि दहा वर्षांनी, १९९२ ला, पुन्हा जिंकला. हा गल्लीतला?

लिमरिकचा नील क्युसॅक बाविसाव्या वर्षी, १९७४ ला, बॉस्टन मॅरेथॉन जिंकला. आयर्लंडच्या दुसऱ्या कुणालाही ती शर्यत जिंकता आलेली नाही. डोनेगलचा पोस्टमन डॅनी मॅकडेड १९७९ च्या जागतिक क्रॉसकंट्रीत (शेतं-चिखलातून पळायची शर्यत) अकरावा आला. शर्यत लिमरिकलाच होती आणि ट्रेसी पहिला आला, म्हणून फोटो ट्रेसीचे. पण आयर्लंडला सांघिक रौप्यही मिळालं होतं, आणि ते पहिल्या सहा जणांच्या क्रमांकांची बेरीज करून मिळतं. अकरावा तिथं अकराव्या जागी नसता तर ते पदक कुठून आलं असतं?

---

आकडेमोड

ते वाक्य माझंच आहे, नाव न घेता कशाला लिहिता?

नवव्या क्रमांकाचा माणूस प्रत्येक देशात असतो. १९८४ ला पूर्व युरोपचा बहिष्कार होता, तेही लिहा. आणि कीर्नन "विसरलेला" कसा? वर्षानुवर्षं आरटीई या आयरिश वाहिनीवर विश्लेषक म्हणून बसायचा, धावपटू कियारा मागीनला त्यानं शिकवलं, २०२१ ला गेला तेव्हा सगळीकडे बातम्या आल्या. मॅकडेडच्या नावानं लेटरकेनीत धावण्याचा ट्रॅक आहे. तुम्हाला परवापर्यंत माहीत नव्हते म्हणून ते विसरलेले, असं नसतं. लोकांच्या डोक्यात जागा थोडीच असते आणि ती पदकवाल्यांना मिळते. यात अन्याय काय आहे?

---

रानवाट

मला परवापर्यंत माहीत नव्हते हे तुम्ही कशावरून ठरवलंत? मी १९९३ पासून वह्या ठेवतोय.

आणि पदकंच हवीत ना? मग मार्कस ओ'सुलिव्हन घ्या. जागतिक इनडोअर १५०० ची तीन सुवर्णं, १९८७, १९८९, १९९३. चार मिनिटांच्या आत मैल १०१ वेळा. फ्रँक ओ'मारा, इनडोअर ३००० ची दोन सुवर्णं. तुमच्या "मोजून तीन"मध्ये हे का नाहीत? १७ ऑगस्ट १९८५ ला डब्लिनच्या बेलफील्डवर हे दोघं, एमन कॉग्लन आणि रे फ्लिन असे चौघं मिळून ४ गुणिले १ मैल १५:४९.०८ मध्ये पळाले. आफ्रिकेतल्या दुष्काळासाठी निधी गोळा करायला ठेवलेली शर्यत, आणि तिथं जागतिक विक्रम! कॉग्लन १९८३ चा जगज्जेता, आणि तरी त्याची ओळख काय, तर दोन ऑलिंपिकमध्ये चौथा आलेला.

---

शिवारातला

आपल्याकडं फडेप्पा चौगुले कुणाला आठवतात? बेळगावचे, १९२० ला अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये १९ वे. आधी घरचं बघा, मग आयर्लंड.

रानवाट

चौगुल्यांवर धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा असेल. इथं विषय आयर्लंडचा आहे, तो राहू द्या.

---

लिमरिककर

अकरा वर्षं इथं आहे, हॉस्पिटलात नोकरी. माझ्या मते तुम्ही दोघंही शर्यतीत उतरलेल्यांबद्दलच बोलताय. ज्यांना उतरूच दिलं नाही त्यांचं काय?

आमच्या रविवारच्या गटात एक बाबा येतात. नव्वदीच्या जवळ आहेत, आता फक्त घड्याळ धरून उभे राहतात. मागच्या हिवाळ्यात त्यांच्याकडे चहाला गेलो तेव्हा त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडून दाखवला. आत काट्यांचे बूट, १९५० च्या दशकातले. चामडं काळं पडलेलं, पण हाताला मऊ लागतं, कारण कडक होऊ नये म्हणून ते दर वर्षी तेल चोळतात. डाव्या बुटाला चार काटे उरलेत, उजव्याला पाच. जिल्ह्यात त्यांना कुणी हरवू शकत नव्हतं, पण देशाबाहेर ते एकदाही पळाले नाहीत.

ते एनएसीएचे. ही ॲथलेटिक्सची संघटना १९२२ ची, अख्ख्या बेटाची, ३२ परगण्यांची. जागतिक महासंघ म्हणाला, सीमेच्या अलीकडचं तेवढंच तुमचं, ब्रिटनकडं राहिलेलं उत्तर आयर्लंड सोडा. यांनी सोडलं नाही. १९३५ ला निलंबन झालं, १९३६ च्या बर्लिनला आयर्लंडचे खेळाडू गेलेच नाहीत. १९३७ ला दुसरी संघटना निघाली, तिला मान्यता मिळाली, आणि एनएसीएत राहिलेल्यांना बाहेरचे दरवाजे बंद. १९६७ ला बऱ्याच जणांनी एकत्र येऊन बीएलई ही नवी संघटना काढली, तरी काही बाहेर राहिलेच. एवढ्या वर्षांत किती पाय वाया गेले, याची यादी कोण करणार?

मी विचारलं, "मग दुसऱ्या संघटनेत का गेला नाहीत?" म्हणाले, "भावानं बोलणं टाकलं असतं."

---

आकडेमोड

वाईट वाटलं. पण जे पळालेच नाहीत त्यांना "थोर धावपटू" कसं म्हणायचं? आणि दरवाजा काही कुलूपबंद नव्हता. जिम हॉगन गेलाच की.

---

लिमरिककर

बरं झालं तुम्हीच नाव काढलंत. सगळ्यात जास्त विसरला गेला असेल तर तो हॉगन. ॲथलाकाचा, इथून तासभरही लागत नाही. मूळ आडनाव क्रेगन, लंडनला गेल्यावर हॉगन झाला. १९६४ ला टोकियोत आयर्लंडच्या जर्सीत मॅरेथॉन पळाला. पुढे फक्त इथिओपियाचा बिकिला, दुसरा हॉगन, आणि हे कितीतरी किलोमीटर. शेवटच्या टप्प्यात पाय गेले आणि त्याला शर्यत सोडावी लागली. दोन वर्षांनी बुडापेस्टला तो युरोपचा मॅरेथॉन विजेता झाला.

---

आकडेमोड

ब्रिटनच्या जर्सीत! हे का गाळलंत? १९६८ ला मेक्सिकोलाही ब्रिटनकडूनच. सुवर्णपदक ब्रिटनच्या खात्यात आहे, मग आयर्लंडनं त्याला का आठवावं? जो सोडून गेला त्याचे पोवाडे, आणि जे राहिले त्यांचं काय?

लिमरिककर

सोडून गेला? १९५० च्या दशकातल्या लिमरिकच्या खेड्यातून कोण सोडून गेलं नाही? प्रत्येक घरातला एक तरी लंडनला. पोट तिकडे, घाम तिकडे, सराव तिकडच्या क्लबात. मीही सांगोला सोडून आलोय, माझ्या मुलीच्या अंगावर उद्या हिरवी जर्सी आली तर तुम्ही मलाही फितूर म्हणणार का?

आकडेमोड

फितूर हा शब्द मी वापरलेला नाही. तुमच्या मुलीला मध्ये आणू नका, तिच्याबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. जर्सी ही निवड असते आणि निवडीची किंमत असते, एवढंच म्हणतोय. तुमचे बाबा राहिले. त्यांनी किंमत मोजली. हॉगनला दोन्हीकडचं द्यायचं, तर बाबांनी मोजलेल्या किमतीला अर्थ काय?

रानवाट

हा मुद्दा खरा आहे, मला आवडला नाही तरी. पण टोकियोत दुसरा पळत होता तेव्हा अंगावर हिरवीच जर्सी होती. निदान तेवढे किलोमीटर तरी आयर्लंडचे माना.

---

कृष्णाकाठ

हॉगनवरून एवढं रामायण झालं, पण पहिल्या वाक्यातली सोनिया सोडली तर इथं एकाही बाईचं नाव नाही.

कॅथरिना मॅककीर्नन, कॅव्हनची. जागतिक क्रॉसकंट्रीत १९९२, ९३, ९४, ९५, चार वर्षं ओळीनं रौप्य. १९९४ ची पहिली युरोपीय क्रॉसकंट्री तिनं जिंकली. पहिली मॅरेथॉन बर्लिन, १९९७, तीही जिंकली, २:२३:४४. पुढच्या वर्षी लंडन आणि ॲमस्टरडॅम. आणि कॅरी मे? १९८० च्या पहिल्या डब्लिन मॅरेथॉनमधली पहिली स्त्री, मग १९८३ आणि १९८५ ला जपानची ओसाका मॅरेथॉन जिंकली. किती जणांनी हे नाव ऐकलंय, खरं सांगा.

त्या देशात १९३४ ला बायकांच्या शर्यती पुरुषांच्या मैदानावर ठेवायचं ठरलं तेव्हा मॅक्वेड या धर्मगुरूनं त्याविरुद्ध रान उठवलं होतं. हेच मॅक्वेड पुढं डब्लिनचे आर्चबिशप झाले. १९९१ ला आमच्या शाळेतल्या खेळाच्या सरांचं म्हणणं वेगळं नव्हतं. "मुलींनी ८०० च्या वर पळायचं नाही, पुढं त्रास होतो." मी मुलांच्या ३००० मध्ये मागून शिरले आणि चार मुलांच्या पुढं आले. चुन्याच्या रेषेपाशी सरांनी वही मिटली. माझी वेळ कुणी लिहिली नाही. म्हणून मला मॅककीर्ननचे आकडे पाठ आहेत.

आकडेमोड

मॅककीर्नन मोठीच. पण चारदा रौप्य म्हणजे चारदा कुणीतरी पुढं होतं, हेही आहेच ना.

कृष्णाकाठ

आणि मागं कोण होतं? अख्खं जग. चिखलात, चार वर्षं, एकदाही तिसरी नाही. तुम्ही पुढचं एक नाव मोजता, मी मागची सगळी मोजते.

---

आकडेमोड

रात्री १९९२ ते ९५ चे निकाल पुन्हा काढून बसलो. "गल्लीतले" हा शब्द मागे घेतो. चुकीचाच होता. मॅककीर्नन आणि मार्कस ओ'सुलिव्हन यादीत यायलाच हवे होते. कीर्ननला घेतो, मॅरेथॉनच्या नवव्यासाठी नाही, दहा वर्षांच्या अंतरानं डब्लिन दोनदा जिंकल्याबद्दल. मॅकडेडही, त्या सहांच्या बेरजेसाठी.

हॉगनबद्दल मत बदललेलं नाही. बदलणारही नाही.

---

लिमरिककर

आज रविवार. हॉगनबद्दल बाबांना कधी विचारायचं धाडस केलं नव्हतं, आज विचारलं. मला वाटलं होतं रागावतील. म्हणाले, तरुणपणी एका शर्यतीत त्याच्या मागं पळालो होतो, शेवटपर्यंत पाठ दिसत होती. गेला याचा राग नाही. "चल म्हणाला असता, तर मीही गेलो असतो." भावाचं काय, असं विचारलं तर नुसते हसले.

आकडेमोड

त्या शर्यतीतली बाबांची वेळ किती होती? कुठं नोंद आहे का? असेल तर द्या, मी तक्त्यात लावतो.

लिमरिककर

विचारलं मी. नोंद नाही. डब्यात फक्त बूट आहेत.