सर्केडियनला ‘अहोरात्र लय’ म्हणावं का?

ऐरोलीहून: महापेला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी एक लेख लिहितेय, की एकच संप्रेरक दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी पेशींच्या वाढीवर वेगळा परिणाम कसं करतं. बाकी शब्द जमले पण सर्केडियनला अडले, म्हणजे शरीरातल्या घड्याळाप्रमाणे रोज होणारा चढउतार. ‘अहोरात्र लय’ लिहिलं आणि आईला वाचायला दिलं तर ती म्हणाली, म्हणजे रात्रंदिवस चालूच असतं ना ते? मला तर नेमकं उलटं सांगायचंय!

कळव्याहून: ताई, आईंचं बरोबर आहे. अहोरात्र कष्ट, अहोरात्र पहारा, मराठी कानाला त्यात खंड नसणं ऐकू येतं. मूळ शब्द फ्रान्झ हालबर्ग यांनी १९५९ मध्ये घडवला, लॅटिन ‘सर्का’ म्हणजे सुमारे आणि ‘डिएस’ म्हणजे दिवस. सुमारे म्हणायचं कारण उजेड-अंधार कळू दिला नाही तरी शरीरातलं घड्याळ चालतंच, फक्त बरोब्बर २४ तासांवर नाही. ‘दैनिक’ नको, पेपर वाटतो.

ऐरोलीहून: आमच्याकडे कॉर्टिसॉलचं, म्हणजे शरीरातच बनणाऱ्या एका स्टेरॉइड संप्रेरकाचं, ब्लड सकाळी ८ ला आणि दुपारी ४ ला घेतात, रिपोर्टवर दोन वेळांच्या दोन नॉर्मल रेंज छापलेल्या असतात, सकाळी जो आकडा ठीक तोच संध्याकाळनंतर आला तर डॉक्टर विचारात पडतात. पहाटे ते चढतं, मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या योसेफ यार्डेन यांच्या गटाने २०१४ मध्ये उंदरांवर दाखवलं की जागेपणी अशी स्टेरॉइड संप्रेरकं जास्त असतात आणि पेशीला ‘वाढ’ असा निरोप देणाऱ्या, पेशीवरच्या ईजीएफ रिसेप्टरला दाबून ठेवतात, झोपेत ती उतरली की तो मोकळा होतो. त्याच रिसेप्टरवरचं कॅन्सरचं औषध कुठल्या वेळी दिलं त्याप्रमाणे गाठीच्या आकारात फरक पडला. उंदीर रात्री जागतात, त्यामुळे त्यांची रात्र म्हणजे आपला दिवस, हे लेखात लिहायलाच हवं नाहीतर लोक उलटा अर्थ घेतील.

वाशीहून: मग ‘प्रहरलय’ घ्या ना! दिवसरात्रीचे आठ प्रहर, तीन-तीन तासांचे, आणि रामप्रहर तर घरोघरी बोलतात, कॉर्टिसॉल चढायची वेळही साधारण तीच. गाणं ऐकणाऱ्यांना तर सांगावंच लागणार नाही, भैरव सकाळचा, मालकंस रात्रीचा.

कळव्याहून: प्रहरलय आवडला, जरी ‘सुमारे’ त्यातही येत नाही. पहिल्यांदा येईल तिथे ‘सुमारे २४ तासांची’ जोडा. आणि संप्रेरक तसाच ठेवा, हार्मोनच्या ग्रीक मुळाचा अर्थही चेतवणं, हलवणं असाच, त्यामुळे शब्द चपखल बसलाय.

ऐरोलीहून: लिहिलं. आईला परत दिलं, वाचून म्हणाली, मग शेजारच्या काकूंना स्टेरॉइडची गोळी सकाळी नाश्त्यानंतरच घ्यायला सांगितलीय ती उगाच नाही. आता रिसेप्टरचं सांगा, ‘ग्राही’ लिहू का? ‘ग्राहक’ लिहिलं तर दुकान डोळ्यांपुढे येतं.