'हाउल्स मूव्हिंग कॅसल'नंतर काय वाचू? जादू आणि प्रेम दोन्ही हवं

पिंपळपान
डायना विन जोन्स यांची 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' (१९८६) कितीही वेळा वाचली तरी मन भरत नाही. शापाने म्हातारी झाल्यावर सोफीची भीड चेपते, ती जादूगार हाउलला तोंडावर सुनावते आणि त्या भांडणातूनच दोघांचं जुळत जातं. फार गोड आहे हे!
आता दोन प्रश्न. पुढच्या दोन भागांत हे दोघं आहेत का? आणि प्रेमकथा ठिगळासारखी जोडलेली नाही, अशी दुसरी कुठली कादंबरी? इंग्रजी, मराठी, संस्कृत, काहीही चालेल. फक्त शेवट फोडू नका.

शेकोटी
आहेत, पण बेताने. 'कॅसल इन द एअर' (१९९०) चा नायक अब्दुल्ला, झांझिब शहरातला गालिचेवाला. सोफी-हाउलची वाट बघत वाचलं तर हमखास हिरमोड होतो, कारण बराच काळ ते दिसतच नाहीत. स्वतंत्र गोष्ट म्हणून वाचा, मग मजा येते. 'हाउस ऑफ मेनी वेज' (२००८) मध्ये चार्मेन नावाची पुस्तकवेडी मुलगी एक जादूचं घर सांभाळते. क्रम हाच ठेवा.
त्याआधी मूळ पुस्तक एकदा पेन्सिल घेऊन वाचा. सुरुवातीला सोफी टोप्या शिवताना त्यांच्याशी बोलते, ती वाक्यं अधोरेखित करा आणि त्या टोप्या घेणाऱ्यांचं पुढे काय होतं ते ताडून बघा. तिची जादू लेखिकेने तिथेच उघड्यावर ठेवली आहे, आपण ती गप्पा समजून पुढे जातो. याच पुस्तकावरचा हायाओ मियाझाकींचा सिनेमा (२००४) सुंदर आहे, पण त्यात युद्धाला फार जागा आहे आणि वाड्याच्या दाराची मूठ काळ्या रंगावर फिरवली की दार वेल्समध्ये उघडतं, हा पुस्तकातला कमाल भाग नाही.

मोगरा_७
ठिगळ ओळखायची माझी कसोटी: गोष्टीतून जादू काढून टाका. प्रेमकथा जशीच्या तशी उरली तर ते ठिगळ. हाउलमधून कॅल्सिफर या अग्निराक्षसाशी झालेला करार काढला तर काहीच उरत नाही.
या कसोटीवर नेओमी नोव्हिक यांची 'स्पिनिंग सिल्व्हर' (२०१८) पैकीच्या पैकी. मिर्येम ही सावकाराची मुलगी. वडिलांना वसुली जमत नाही म्हणून ती स्वतः दारोदार जाऊन पैसे गोळा करते. चांदीचं सोनं करते अशी तिची ख्याती हिमलोकाच्या राजाच्या कानावर जाते आणि तो ते खरंच करून मागतो, तेही तीनदा. पुढे सगळं देण्याघेण्यावर चालतं. प्रेमसुद्धा हिशेब चोख ठेवता ठेवता रुजतं, आणि ते वाचताना अक्षरशः शहारा येतो.
अडचण एकच. निवेदक सहा आहेत आणि निवेदक बदलला तरी वर नाव येत नाही. सुरुवातीला मिर्येम, वांडा, इरिना एवढ्या तिघीच पक्क्या करा. मिर्येम व्यवहाराच्या भाषेत बोलते, वांडा अगदी साधी, छोटी वाक्यं वापरते. गोंधळ झाला तर दोन परिच्छेद मागे जा, ओळख लागते.
त्यांचीच 'अपरूटेड' (२०१५) एका खंडात संपते आणि त्यातलं जंगल भयंकर जिवंत आहे. पण मध्यानंतर जंगल गोष्ट ताब्यात घेतं आणि प्रेम कोपऱ्यात जातं. म्हणून ती दुसऱ्या नंबरवर वाचा.

जुनीपोथी
संस्कृत चालेल म्हणता, तर बाणभट्टाची 'कादंबरी' का नाही? चंद्रापीड आणि कादंबरी यांची ही सातव्या शतकातली प्रेमकथा शाप आणि पुनर्जन्मांनी विणलेली आहे. मराठीत आपण नॉव्हेलला कादंबरी म्हणतो ते हिच्याच नावावरून. मोगरा यांच्या कसोटीला ही पुरून उरते.
वाचक अडखळतो तो गोष्टीत गोष्ट असल्यामुळे. शूद्रक राजाच्या दरबारात एक पोपट आपली हकीकत सांगतो, त्या हकीकतीत जाबाली ऋषी गोष्ट सांगतात आणि त्या गोष्टीत महाश्वेता नावाची तपस्विनी आपली. वहीत एकात एक तीन चौकोन काढा आणि नवं पात्र आलं की योग्य चौकोनात लिहा. पोपटाचं नाव वैशंपायन, चंद्रापीडाच्या मित्राचंही वैशंपायन. दोन्ही नावांखाली रेघ मारून ठेवा, जास्त बोलत नाही.
मराठी अनुवाद निवडताना तो संक्षिप्त आहे का ते आधी पाहा. बाणाची वर्णनं पानंच्या पानं चालतात, पहिल्या वाचनाला संक्षिप्त बरा. आणि 'उत्तरभाग' आहे याची खात्री करा. बाण गोष्ट अर्धी ठेवून गेला, ती त्याच्या मुलाने पुरी केली. नुसता पूर्वभाग हाती आला तर ऐन विरहात पुस्तक संपतं.

पिंपळपान
चौकोनांची वही आजच काढते. आधी 'स्पिनिंग सिल्व्हर', मग बाणभट्ट. जुनीपोथी, महाश्वेतेची गोष्ट नायिका कादंबरीच्या आधी येते की नंतर?

जुनीपोथी
आधी. अच्छोद सरोवराकाठी वीणा ऐकू आली की समजा, ती आली. तिथून पुढे पुस्तक खाली ठेववत नाही.