मदत हवी आहे: तज्ज्ञांचा सल्ला लेखी मागवता येतो का?

नमस्कार मंडळी. मी नंदुरबारकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. ई-संजीवनीवर (सरकारची ऑनलाइन वैद्यकीय सल्ला सेवा) डॉक्टर ते डॉक्टर सल्ला मिळतो, पण तो व्हिडिओवर. पलीकडे तज्ज्ञ मोकळे असतात तेव्हा आमची रेंज गेलेली, आणि रेंज आली की ते वॉर्डात!

परवा एका आजींच्या पायावर न भरणारी जखम होती. साखर २८०. फोटो, औषधांची यादी, दोन ओळींचा प्रश्न, एवढ्यावर सर्जननी संध्याकाळी उत्तर दिलं असतं तरी चाललं असतं. तासभर थांबून आजी उठल्या, शेवटची एसटी होती.

सध्या सगळे व्हॉट्सअॅपवरच विचारतात (मीही). पण रुग्णाची संमती आणि नोंद कुठे राहते? २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार सल्ला मागणारा डॉक्टरच उपचारांना जबाबदार, म्हणजे नोंद नसेल तर अडकणार आपणच.

तुमच्या जिल्ह्यात कुणी अशी लेखी पद्धत बसवली आहे का? तज्ज्ञांना त्यासाठी वेळ ठरवून दिलाय की मर्जीवर चालतं? प्रश्नाचा नमुना असेल तर कृपया पाठवा. त्वचा आणि मधुमेहापासून सुरुवात करायचा विचार आहे.