पोलिंगनंतर पेलेटमधून उष्णता जास्त वाहते, याचं श्रेय डोमेन वॉलना द्यायचं का?

वारणाकाठ, सांगली

एम.एस्सी. भाग दोनच्या प्रोजेक्टला बेरियम टायटनेट (स्वतःचं विद्युत ध्रुवीकरण असलेलं सिरॅमिक) घेतलंय. बारा मिलिमीटर व्यासाच्या पेलेट, म्हणजे पावडरच्या चकत्या, दाबल्या, सिंटर केल्या (भट्टीत भाजून घट्ट केल्या), दोन्ही तोंडांना सिल्व्हर पेस्ट लावली. ली डिस्कच्या (चकतीची उष्णतावाहकता मोजायचा प्रयोग) धर्तीवर पितळेच्या छोट्या ठोकळ्यांचा सेट-अप वर्कशॉपमधून करून घेतलाय, वरून वाफ. तीच पेलेट पोलिंगच्या (जास्त व्होल्टेज देऊन ध्रुवीकरण एका दिशेला वळवणं) आधी आणि नंतर मोजली, तर नंतरची उष्णतावाहकता साधारण चार टक्के जास्त येते. गाइड सर म्हणतात, "डोमेन वॉल कमी झाल्या, फोनॉन मोकळे सुटले, लिहून टाक." (डोमेन म्हणजे एकाच दिशेचं ध्रुवीकरण असलेला भाग, वॉल म्हणजे दोन डोमेनमधली हद्द, आणि फोनॉन म्हणजे उष्णता वाहून नेणारी स्फटिकातली कंपनं.) व्हायव्हाला बाहेरच्या सरांनी खोदून विचारलं तर एवढ्यावर भागेल का?

अजिंक्यतारा_पायथा, सातारा

नाही भागणार. त्या खुर्चीत मी असतो तर पहिलाच प्रश्न: कुठल्या वॉल कमी झाल्या?

१८०° वॉलच्या दोन्ही बाजूंना स्फटिकाचा अक्ष एकच असतो, फक्त ध्रुवीकरण उलटं. ध्वनीचा वेग अलीकडे-पलीकडे सारखाच. फोनॉनला अडायला तिथं वॉलची जाडी तेवढी, आणि ती जेमतेम काही युनिट सेलची (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत छोटा ठोकळा). ९०° वॉलचं तसं नाही. तिथं अक्षच वळतो. या पदार्थाचा युनिट सेल एका दिशेनं सुमारे १ टक्का लांबट असतो, त्यामुळे वॉलच्या आसपास ताण साचतो आणि फोनॉन विखुरतात.

आता पोलिंगचं बघ. १८०° वॉल सहज निघून जातात. ९०° वॉल हलवायच्या तर ग्रेनचा, म्हणजे सिरॅमिकमधल्या बारक्या स्फटिककणाचा, आकारच बदलावा लागतो, आणि शेजारच्या ग्रेननी त्याला चहूबाजूंनी जखडलेलं असतं. म्हणून सिरॅमिकमध्ये त्या बऱ्याचशा तशाच राहतात. म्हणजे उष्णतेच्या वाटेत फारशा नव्हत्याच, त्याच तू काढल्यास!

दुसरं, कागद घेऊन हिशोब कर. वाहकता म्हणजे एक तृतीयांश गुणिले उष्णताधारकता, गुणिले ध्वनीवेग, गुणिले फोनॉनचा सरासरी मुक्तपथ (दोन धडकांमधलं अंतर). उष्णताधारकता दर घनमीटरला, दर केल्विनला सुमारे २६ लाख ज्यूल, वेग सेकंदाला साडेचार हजार मीटर, वाहकता ३ वॉट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास धर. मुक्तपथ एका नॅनोमीटरच्याही आत येतो. हा ढोबळ आकडा आहे, कमी वारंवारतेचे फोनॉन याहून बरेच लांब जातात. पण जाड ग्रेनच्या सिरॅमिकमध्ये दोन वॉलमधलं अंतर शेकडो नॅनोमीटर. गणपतीत हरभट रोडवर पावलागणिक धक्का बसत असताना अर्ध्या किलोमीटरवरच्या बॅरिकेडनं तुझा वेग ठरतो का? खोलीच्या तापमानाला फोनॉन एकमेकांवर आदळूनच बेजार असतात.

वॉलचा परिणाम खोटा नाही, त्याला जागा वेगळी लागते. एक, अतिथंड तापमान, जिथं मुक्तपथ लांबतो. मांटे आणि फोल्गर यांनी १९७१ साली याच पदार्थाच्या स्फटिकांवर ते काम केलंय. दोन, वॉलची दाटी असलेली पातळ फिल्म. इहलेफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली पीझेडटी (लेड झिर्कोनेट टायटनेट) फिल्मवर नुसता व्होल्टेज बदलून, तेही खोलीच्या तापमानाला, वाहकता ११ टक्क्यांनी हलवून दाखवली. उष्णतेचा स्विच करता येईल का, ही सगळी धडपड त्यासाठीच.

आणि एक फट गाइड सरांनाही दाखव, अदबीनं. वाहकता अक्षाच्या दिशेनं वेगळी आणि आडवी वेगळी असते. थोडे जरी ९०° डोमेन वळले तरी आकडा बदलतो, वॉलचा काही संबंध नसताना. एक्सआरडीत (एक्स-रे विवर्तनात) ४५ अंशांजवळ ००२ आणि २०० (युनिट सेलची लांब आणि आखूड बाजू) या जोडपीकच्या उंचीचं प्रमाण पोलिंगआधी आणि नंतर ताडून बघ. ९०° डोमेन वळले असतील तर तिथं दिसेल. १८०° उलटल्याचं एक्सआरडीला कळत नाही.

गेजवाला, मिरज

फोनॉन-बिनॉन आपल्याला कळत नाय, प्रेशर गेज दुरुस्त करतो. पण ठोकळे आवळायचा स्क्रू दोन्ही वेळी सारखाच आवळला होता का? पितळ आणि पेलेटच्या मधे केसाएवढी हवा राहिली तरी चार टक्के कुठल्या कुठं जातात. बारकी पेलेट म्हटल्यावर तर जास्तच.

वारणाकाठ, सांगली

दादा, स्क्रू हातानंच आवळतो, टॉर्क मोजायला काही नाही. ग्रीस दोन्ही वेळी लावलं होतं. सर, एक्सआरडीला नंबर लावलाय, पण रांग मोठी आहे. तोवर लॅबमध्येच काही करता येईल का?

अजिंक्यतारा_पायथा, सातारा

मिरजकरांचं बरोबर आहे, मी उगाच भाषण ठोकत बसलो, आधी स्क्रूच बघायला हवा. त्यावर स्प्रिंग बसवून घे, दाब दरवेळी सारखा राहील. कडेनं उष्णता निसटते, तिथं कापूस गुंडाळ.

मग ही चाचणी कर. पोल केलेली पेलेट ओव्हनमध्ये १५० अंशांवर तासभर ठेव. क्युरी तापमान (ज्याच्या वर ध्रुवीकरण नाहीसं होतं ते) १२० च्या आसपास असल्यामुळे पोलिंग पुसलं जाईल. थंड झाल्यावर त्याच स्प्रिंगखाली पुन्हा मोज. चार टक्के गेले तर परिणाम पोलिंगचा, मग वॉल की अक्ष ते एक्सआरडीवर ठरव. गेले नाहीत तर स्क्रू आणि ग्रीसकडे बघ. वाफेचे १०० अंशही क्युरीच्या फार लांब नाहीत. प्रत्येक फेरीच्या आधी आणि नंतर डी-३३ मीटरवर (दाबल्यावर किती विद्युतभार निघतो ते मोजणारा) आकडा घेऊन वहीत लिही, नाहीतर मोजता मोजताच पोलिंग उतरायचं.