टाइप वन मधुमेह आणि मधल्या वेळचं खाणं : तुमच्या डब्यात, खिशात, पर्समध्ये काय असतं?

शेवंती
आईकडे माळा आवरताना फोटोच्या रोलची काळी डबी सापडली. करडं झाकण, त्यावर चिकटपट्टी, आईच्या अक्षरात माझं नाव आणि 'चौथी ब'. आत साखरेचा पार दगड. फडकं हातात घेऊन तिथेच बसून राहिले.

१९९३ साल. नऊ वर्षांची होते मी. घाम फुटला, हातपाय थरथरले की साखर तोंडात टाकायची, एवढं डॉक्टरांनी पढवलेलं. आई रोज चार चमचे मोजून भरायची. मधल्या सुट्टीत मुली बोरकूट चाटायच्या आणि मी भूक असो नसो, पोळीभाजी गिळायची. सकाळचं इन्सुलिन नेमकं तेव्हाच जोर धरायचं. एकदा कवायतीत पाय लटपटले म्हणून डबी उघडली, तर बाईंनी "चोरून खातेस?" म्हणत काढूनच घेतली. मैत्रीण धावत जाऊन शिपाईमावशींकडून गुळाचा खडा घेऊन आली.

आता इन्सुलिनचं पेन आहे, दंडावर साखर मोजणारा सेन्सर आहे. पण दुकानात उभी राहिले की डोक्यात अजून दोनच कप्पे : लो झाल्यावरचं, म्हणजे रक्तातली साखर उतरल्यावरचं खाणं आणि एरवीचं खाणं. लिमलेटची गोळी पहिल्या कप्प्यात गेली ती गेलीच, आता ती औषधासारखीच लागते. तुमचं सांगा.

चिमणीची आई
शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहून लिहितेय, चुका पोटात घाला. आमची ७ वर्षांची, दीड वर्ष झालं. वर्गात ४२ मुलं म्हणजे ४२ वाढदिवस!! चॉकलेट घरी आणायचं, बरणीत टाकायचं, रात्री जेवणाच्या इन्सुलिनमध्ये धरून एक खायचं असा करार आहे. बरणी रोज मोजते ती, मी लंपास केलं तर लगेच कळतं.
मखाणे हलके म्हणून एकदा वाडगाभर दिले. साखर २८०. मग पाकीट वाचलं, तर निम्म्याहून जास्त पिष्टच. आली, सुटली शाळा

लोकलवासी
बटाटावडा. एका तासाने १४०, मी खूश. तीन तासांनी २६०. तेलामुळे पोटातच रेंगाळतो आणि इन्सुलिनचा जोर ओसरल्यावर वर येतो. सोडलेला नाही. डोस दोनदा विभागून घ्यायचं डॉक्टरांकडून शिकून घेतलं.
बॅगेत फुटाणे, शेंगदाणे. खिशात ग्लुकोजची पुडी. गर्दीत बॅग वर रॅकवर जाते, खिसा आपल्याजवळच राहतो.

काकूबाई
मेथीदाणे रात्री भिजवून सकाळी अनशापोटी. माझ्या दिरांची गोळी निम्म्यावर आली.

शेवंती
काकू, दिरांचं टाइप टू असणार. आमच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, मेथी बिचारी काय करणार :)

काकूबाई
अगं बाई, हो का. मग त्या चिमणीला काकडीच्या चकत्यांवर जवसाची चटणी दे. माझी नातवंडं ताट पुसून खातात.

गप्पिष्ट
माझ्या बायकोला आहे. लग्नाला महिना झालेला. रात्री ३ वाजता बघतो तर ही ओट्याखाली बसून डब्यातले लाडू खातेय, घामाने निथळलेली. शुगर ५५. मी हुशारी करून पेढे आणले. तशाच अवस्थेत मला झापलं : खव्याला वेळ लागतो, साखर आण! मग साखरपाणी, पंधरा मिनिटं थांबायचं, परत टोचून बघायचं. ती पंधरा मिनिटं फार वाईट. भूक राक्षसासारखी लागलेली असते म्हणे, आणि खायचं नाही. मी तिचा हात धरून बसलो, खरं म्हणजे लाडवांपासून लांब ठेवायला.
सकाळी ३१०. लाडवांची कृपा.

रोलवेडा
विषयांतर, पण ३६ चा रोल जपून भरला की ३७-३८ फोटो निघायचे, आठवतं कुणाला?

गप्पिष्ट
हो! आणि शेवटच्यात कायम कुणाचं तरी अर्धं डोकं. आमच्या आजोबांनी त्या डबीत लवंगा ठेवलेल्या.

पाठचा बाक
सीबीएसईने २०१७ पासून टाइप वनच्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ न्यायला परवानगी दिलीय, डॉक्टरांचं पत्र लागतं. मी केळं नेलं होतं. गणिताच्या पेपरात केळं सोलणारा अख्ख्या वर्गात एकटाच. पर्यवेक्षक माझ्याकडे बघतायत, मी केळ्याकडे.

दूरदेशी
जर्मनीत आहे. इथे ग्लुकोजच्या वड्या किराणा दुकानातही मिळतात, प्रत्येक कोटाच्या खिशात एक पाकीट. गेल्या गणपतीत उकडीचा मोदक काट्यावर ठेवला, ४५ ग्रॅम. गूळ आणि पिठी धरून २० ग्रॅम कार्ब (कर्बोदकं) मोजले, बऱ्यापैकी जमलं. सासूबाई व्हिडिओवर म्हणाल्या, नैवेद्य दाखवायच्या आधी तोललास?

चिमणीची आई
घरी पोचलो. १९२ आहे, म्हणून आता काकडी. काकू, चटणीत तीळ घालायचे का? शेवंतीताई, डबीचं काय केलंत?

शेवंती
गरम पाण्यात ठेवलीय. तळाचा खडा अजून सुटत नाहीये. चिकटपट्टी मात्र आधीच सोडवून घेतली.

काकूबाई
तीळ चालतील. जवस मंद आचेवर भाज, तडतडले की लगेच उतरव.