मदत हवी आहे: १२ वर्षं चेनसॉ चालवतोय, थंडीत बोटं पांढरी पडतात. मशीनमध्ये काय बदलू, कुणाला दाखवू?

नमस्कार मंडळी. मी नाशिकचा, राहायला पेठ रोडला. इथे पहिल्यांदाच लिहितोय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी त्रास सांगतो. मागच्या हिवाळ्यापासून डाव्या हाताची मधली दोन बोटं सकाळी खडूसारखी पांढरी पडतात. पेरावर रेघ मारल्यासारखं दिसतं, खाली नेहमीचा रंग आणि वर पांढरंफटक. तेव्हा चिमटा काढला तरी कळत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी बोटं आधी जांभळी होतात, मग लालबुंद, आणि रंग परत येताना जी आग होते ती सहन होत नाही. यंदा उजव्या हाताचंही एक बोट तसंच व्हायला लागलंय.

हे मशीन हातात असताना होत नाही, मोटरसायकलवर होतं. पहाटे साडेपाचला घरून निघतो. सावळघाटात पोचेपर्यंत क्लच दाबला की नाही हे हाताला कळेनासं होतं, थांबून बोटं काखेत धरावी लागतात. रात्री मुंग्यांनी जाग येते. शर्टाची वरची बटणं आता बायको लावून देते. माझं वय ३९ आहे, त्यामुळे हे जास्त लागतं.

कामाचं सांगतो. नोव्हेंबर ते मे पेठ-हरसूल पट्ट्यात सागाच्या कुपावर, म्हणजे जंगलात तोडीसाठी आखलेल्या भागात, असतो. पावसाळ्यात शहरात, वादळात पडलेले गुलमोहर आणि रेन ट्री कापून रस्ता मोकळा करायचा. कुपावर दिवसाला आठ-नऊ टाक्या पेट्रोल जळतं, म्हणजे मशीन चार-साडेचार तास चालू असते. साग अगदी बुडाशी कापावा लागतो, खुंट जमिनीलगत ठेवला तर फुटवा चांगला येतो. ते बरोबरच आहे, पण त्यात बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) मातीला, खड्याला टेकतो आणि चेन तासाभरात बोथट होते. कानस मारायला बसलं की मुकादमाची हाक येते. मग तशीच दाबून चालवतो.

मशीन ४५ सीसीची, १८ इंची बार, ०.३२५ पिचची चेन. सात वर्षं झाली. पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल लिटरला २० मिलि, मशीनच्या पुस्तकात दिलंय तेवढंच. बारला गाडीतलं जळकं ऑईल घालतो, आमच्याकडे सगळेच घालतात. हँडलचे रबर आजवर बदललेले नाहीत. अजून एक सांगतो, लपवून उपयोग नाही. चेन पटापट चावावी म्हणून दातापुढचे रेकर (दात किती खोल चावेल ते ठरवणारे उंचवटे) मी ग्राइंडरने बरेच उतरवलेत.

घराजवळच्या एका दवाखान्यात दाखवलं. ताकदीची इंजेक्शनं दिली, फरक शून्य. मी काम काय करतो हे तिथे विचारलं गेलं नाही.

मला दुसरं काही येत नाही आणि हे काम मला आवडतं. म्हणून विचारतो, हा त्रास मशीनमुळेच असेल का? मशीन दुरुस्त करून चालेल की आता हातातून सोडावीच लागेल? कंप कमी करणारे हातमोजे मिळतात म्हणे, ते घ्यावेत का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

जुना गॅरेजवाला:
भाऊ, मशीनचं मी सांगतो, हाताचं जाणकार सांगतील.

पहिली गोष्ट रबर. मशीन बंद करून जमिनीवर ठेवा, मागचं हँडल पायाने दाबून धरा आणि पुढचा बार हलवून बघा. इंजिनचा भाग हँडलला जाऊन भिडत असेल तर रबर संपलेत. पेट्रोल आणि ऑईल लागून ते फुगतात, चिरतात, आतला लोखंडी भाग सुटतो. त्यानंतर इंजिनचा सगळा धक्का थेट पंजात येतो. सात वर्षं म्हणजे फार झाली. सगळे एकदम बदला, एखाद-दुसरा नको. तुटलेल्या रबरच्या जागी नट-बोल्ट कसलेल्या मशीन मी पाहिल्यात, तसं कधीही करू नका.

दुसरं म्हणजे रेकर. तुमच्या चेनला रेकर दाताच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मि.मी. खाली हवा. त्याहून उतरवला की दात लाकडाचा मोठा घास घेतो, अडखळतो, परत घेतो. तुम्हाला वाटतं चेन जोरात चावतेय, प्रत्यक्षात ती उड्या मारतेय. बारच्या टोकाने उसळी मारायचा धोकाही वाढतो. ती चेन भंगारात टाका, मन घट्ट करून. नवीन चेनला ४.८ मि.मी. ची गोल कानस, ३० अंशात, प्रत्येक टाकीला प्रत्येक दातावर दोन-तीन हात. ढलप्या पडल्या तर धार आहे, भुगा पडला तर नाही.

जळक्या ऑईलमध्ये इंजिनचा लोखंडी कीस असतो आणि चेनवर ते टिकत नाही. बारची खाच झिजते, चेन डुगडुगते. तेही बंद करा.

वडाची पारंबी:
आमच्या वखारीतला माणूस हँडलला सायकलची ट्यूब गुंडाळायचा. दादा, करून बघा, पैसे लागत नाहीत.

जुना गॅरेजवाला:
ट्यूबने हँडल जाड होतं, मग माणूस जास्त आवळून धरतो. जितकं आवळून धराल तितका कंप हातात शिरतो. पकड सैल ठेवा, पण अंगठा मात्र हँडलखालून पूर्ण वळलेला हवा. मशीन उसळली तर तोच वाचवतो.

सातपूरची ताई:
दादा, मी कामगार आरोग्यात काम करते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कास्टिंग घासणारे, ग्राइंडर चालवणारे यांची बोटं मी अशीच पाहिलीत. तुम्ही लिहिलेलं वर्णन, म्हणजे थंडीत पांढरी पडणं, स्पष्ट रेघ, मग जांभळी आणि लाल, हे कंपामुळे होणाऱ्या त्रासाशी तंतोतंत जुळतं. बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा दोन्ही दुखावतात. चेनसॉवाल्यांचा डावा हात बहुतेकदा आधी जातो, पुढचं हँडल त्याच हातात असतं.

पण फोरमवर वाचून नक्की मानू नका. मधुमेह, थायरॉइड, मनगटात दबलेली नस यांनीही मुंग्या येतात, ते तपासावं लागेल. सिव्हिलला मेडिसिन ओपीडीत जा आणि पहिलंच वाक्य हे बोला: "मी १२ वर्षं चेनसॉ चालवतो, रोज चार तास." बोटं पांढरी पडतील तेव्हा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण तुमचा नंबर लागेपर्यंत रंग परत आलेला असतो आणि डॉक्टरांना दिसतो तो चांगला हात. बीपीची गोळी चालू असेल तर तीही दाखवा. काही गोळ्यांनी हे वाढतं.

तंबाखू, विडी, काही आहे का? निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात.

मशीन सोडायची का, याचा हिशोब देते. युरोपात दिवसभराच्या कंपाची मर्यादा ५ धरतात (मीटर प्रति सेकंद वर्ग, आठ तासांच्या कामावर) आणि २.५ पासून मालकाने उपाय सुरू करायचे. एखाद्या मशीनचा कंप ७ असेल तर २.५ ची पातळी तासाभरात गाठली जाते आणि ५ ची चार तासांत. कंप दुप्पट झाला तर चालवायचा वेळ निम्मा नाही, पाव होतो. रबर गेलेली, बोथट चेनची मशीन तुम्ही साडेचार तास धरता, त्यावरून विचार करा. लवकर कमी केलं तर पांढरेपणा बऱ्याच जणांचा सुधारतो. बधिरपणा मात्र एकदा मुरला की सहसा जात नाही, म्हणून बटणं लावता न येणं मला जास्त काळजीचं वाटतं. उशीर करू नका.

कंप कमी करणाऱ्या मोज्यांवर पैसे घालवू नका, चेनसॉला त्यांचा फारसा उपयोग होत नाही. साधे चामड्याचे घ्या, हात गरम आणि कोरडे राहतील. अंगही गरम हवं, नुसते हात नाही. कानटोपी, जाड जॅकेट.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तंबाखू आहे, दिवसाला तीन-चार पुड्या. बीपीची गोळी नाही.

मशीन तपासली. एक रबर पूर्ण तुटलेला, बाकीचे लोण्यासारखे मऊ. सगळे बदलले, नवीन चेन चढवली, काल चार टाक्या चालवली. हातात एवढी शांत मशीन मी विसरूनच गेलो होतो. फोटो काढलाय, सोमवारी सिव्हिलला जातोय. मुकादमाशीही बोललो. एका मशीनवर दोघं आलटून पालटून, एकाने टाकीभर चालवायची आणि दुसऱ्याने फांद्या ओढायच्या, कानस मारायची. तो आधी नाही म्हणाला, मग मी फोटो दाखवला. आठवडाभर बघू म्हणालाय.

आज पहाटे घाटात बोटं पांढरी पडलीच. मोटरसायकलच्या हँडलला लावायचे ते जाड कव्हर कुठे मिळतील?

वडाची पारंबी:
सीटकव्हर शिवणाऱ्याकडे रेक्झिनचे मिळतात दादा, आतून फर लावलेले. पहाटेचे दूधवाले वापरतात तेच. क्लचचा लिव्हर आत मावेल एवढे मोठे सांगा.