मदत हवी आहे: अनंत चतुर्दशीच्या झांक्या शूट करायच्यात, कॅमेऱ्याचं सामान किती कमी करू?

नमस्कार मंडळी, मी इंदूरचा, लोकमान्य नगरात राहतो, नोकरी सांभाळून फोटो काढतो. प्रश्न सामानाचा आहे पण आधी थोडं सांगावं लागेल.

इंदूरबाहेरच्यांसाठी, आमच्याकडे अनंत चतुर्दशीला रात्रभर मिरवणूक चालते आणि तिच्यात कापड मिलांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ असतात, हुकुमचंद, राजकुमार, मालवा, कल्याण, स्वदेशी. मिला कधीच्या बंद पडल्यात, हुकुमचंद मिल तर १९९१ मध्येच, तरी कामगार आणि आता त्यांची पोरं पैसे गोळा करून दर वर्षी झांक्या बनवतात, हलणारे पुतळे, लाइटिंग सगळं, सोबत आखाडे असतात लाठी-बनेटी फिरवणारे, आणि शहर सगळं जेल रोड ते राजवाडा रस्त्यावर उतरलेलं असतं. माझे आजोबा मिलमध्ये लूमवर होते. मला झांकीचे नाही, झांकी ओढणाऱ्या, जोडणाऱ्या, जनरेटरपाशी बसलेल्या माणसांचे फोटो हवेत. तीन वर्षं काढतोय.

माझ्याकडे निकॉन डी-७२०० कॅमेरा आहे, लेन्स १८-१४०, ३५ एफ १.८ आणि जुनी लांबची ७०-३००, शिवाय एसबी-७०० फ्लॅश. मागच्या वर्षी सगळंच नेलं, म्हटलं रात्र मोठी आहे काय लागेल सांगता येत नाही. घरी येऊन हिशोब केला तर बॉडी ७६५ ग्रॅम, १८-१४० चे ४९०, ३५ चे २००, ७०-३०० चे ७४५, फ्लॅश सेल सोडून ३६०, म्हणजे अडीच किलोच्या वर, आणि बॅग, पाणी, छत्री वेगळी.

वजनाचं दुःख नाही हो, खांदा दोन दिवसात बरा होतो. झालं असं की कृष्णपुऱ्याजवळ एक झांकी थांबली, वर एक म्हातारे गृहस्थ हनुमानाच्या हाताची सुटलेली वायर दातात धरून जोडत होते, एक हात पुतळ्याच्या खांद्यावर, पिवळ्या बल्बचा उजेड सरळ चेहऱ्यावर, कपाळावर घामात चिकटलेली चमकी दिसत होती इतका मी जवळ होतो. आणि माझ्या बॉडीवर ७०-३००. बॅग पाठीवर, गर्दी अशी की पुढे ओढायला जागा नाही, कशीबशी ओढली, ३५ लावेपर्यंत हात जोडला गेला, हनुमान हलायला लागला आणि झांकी पुढे निघाली. तो फोटो माझ्याकडे नाही. वर्षभर डोळ्यासमोर आहे.

दुसरं म्हणजे ती लांब लेन्स काढली की लोक बदलतात. एकाने विचारलं "कौन से पेपर से हो भिया" आणि सगळे ओळीत उभेच राहिले फोटोसाठी. त्यांची चूक नाही, पण मला जे पाहिजे होतं ते संपलं तिथे.

तर या वर्षी एकच बॉडी, एकच लेन्स, पाठीवर काही नाही असं ठरवतोय. पण कुठली? ३५ आहेच, पण माझ्या डीएक्स म्हणजे छोट्या सेन्सरच्या बॉडीवर ती ५२ सारखी अरुंद पडते आणि गर्दीत दीड मीटरवरून माणसाचा फक्त चेहरा आणि छाती येते, आजूबाजूचं काहीच नाही. का सगळं विकून रिको जीआर ३ हा छोटा कॅमेरा घेऊ, २५७ ग्रॅम, खिशात मावतो? ऑटोफोकस रात्री शोधत बसतो त्याला काय करता? आणि सप्टेंबरचा पाऊस कधीही येतो. ज्यांनी अशा रात्री काढल्यात त्यांनी सांगा प्लीज, बजेट फार नाहीये.

प्रतिसाद १ (राजेंद्र नगर, इंदूर)

अरे पोरा, विकू नकोस काही. रिको चांगला आहे पण त्याला पावसाचं सीलिंग नाही आणि बॅटरी जेमतेम २०० फोटो देते, तुझी रात्र ती नाही. तुझ्या बॉडीवर एका बॅटरीत हजाराच्या वर निघतात, एक जास्तीची खिशात ठेव झालं.

तू सेकंडहँड २४ एफ २.८ डी शोध, जुनी ऑटोफोकस वाली. तुझ्या बॉडीत फोकसची मोटर आहे म्हणून ती चालेल, डी-५६०० असता तर चालली नसती. २७० ग्रॅमची लेन्स, तुझ्या बॉडीवर ३६ सारखी पडेल म्हणजे माणूस पण आणि त्याची जागा पण. फक्त अपर्चर रिंग २२ वर लॉक कर नाहीतर बॉडी एफईई असा एरर दाखवून अडून बसेल.

आणि खरं कारण ऐक. तिच्यावर अंतराचे आकडे आहेत, ३५ वर नाहीत. ३५ ला एफ २ वर तीन मीटरवर फोकस ठेवलास तर मोजून साठ सेंटिमीटर शार्प मिळतं, माणूस एक पाऊल पुढे आला की गेला. २४ ला एफ २.८ वर तेच अंतर ठेव, सव्वादोन ते सव्वाचार मीटर, जवळपास दोन मीटरचा पट्टा. ऑटोफोकस बंदच कर. अंतर पायांनी सांभाळायचं, घरी अंगणात तीन मीटर मोजून डोळ्याला सवय लाव आठवडाभर. एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड कमी पडेल, आयएसओ ३२०० च्या जागी ६४००, पडू दे. थोडे दाणे आले म्हणून कोणी फोटो टाकून देत नाही, हललेला टाकून देतात.

फ्लॅश घरी ठेव. अंधारात काम करणाऱ्याच्या डोळ्यात उजेड मारायचा नाही.

प्रतिसाद २ (वडोदरा)

काकांशी सहमत, दोन गोष्टी जोडते. मी इथे गरबा आणि गणपती दोन्ही काढते. एलईडीच्या लाइटिंगमध्ये शटर १/१०० च्या वर नेलं की फोटोत आडवे काळे पट्टे येऊ शकतात, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची ना, म्हणून १/१०० किंवा १/५० वर राहा, जनरेटरचे दिवे असले की आधी दोन फोटो काढून झूम करून बघ.

पाऊस, २४ डी ला मागे, बॉडीला जोडते तिथे, पाणी अडवणारं रबर नाहीये (तुझ्या ३५ ला आहे), त्यामुळे साधी पारदर्शक पिशवी, लेन्सपाशी रबरबँड, आणि सुती पंचा. पंचा गळ्यात टाक, घाम पण पुसता येतो. दुसऱ्या कार्ड स्लॉटला बॅकअपवर लाव, मग कार्डांची डबी पण नको. बाकी सगळं कमरेच्या पाऊचमध्ये, पोटावर, पाठीवर काहीच नको, बरोबर ठरवलंयस.

आणि एक विचारू? ज्यांचे फोटो तीन वर्षं काढतोयस त्यांना ते दाखवलेत का?

मूळ लेखकाचा प्रतिसाद

काका, ताई, मनापासून आभार. अंतराचा हिशोब मला कोणी असा सांगितलाच नव्हता. कालच एका जुन्या कॅमेऱ्याच्या दुकानात २४ डी मिळाली, काचेत फंगस नाही, फोकस रिंग जरा घट्ट आहे पण ते माझ्या फायद्याचंच, धक्क्याने हलणार नाही. अंगणात तुळशीपासून तीन मीटरवर खडूने रेघ मारलीय, जाता येता उभा राहतो.

ताई, नाही दाखवले. कधी डोक्यातच आलं नाही. आज मागच्या वर्षीचे तीस फोटो निवडले आणि चार बाय सहाचे प्रिंट टाकलेत. झांक्या मिलच्या आवारात आठवडे आधीपासून बनतात, तर रविवारी तिथे जातोय, कॅमेरा न घेता, फक्त प्रिंट. ते वायरवाले बाबा कुठल्या मिलचे होते मला माहीत नाही, पाचही ठिकाणी विचारीन.

एकच राहिलं, लॅमिनेशन करून देऊ का तसेच? पावसाळ्यात घरात ओल येते, हातात घेऊन बघणार म्हणजे बोटं लागणार, आणि लॅमिनेशन केलं की वरचा दिवा चमकतो. कोणी दिलेत असे तर सांगा, शुक्रवारपर्यंत दुकानात सांगायचंय.